दोन वाजताची गोळी

शनिवारी सकाळी दहाच्या सुमारास मी किसनरावांच्या मेडिकलमध्ये जायची. रुक्मिणीनगरात आमच्या घरापासून चालत चार मिनिटं. पिशवीत डॉक्टरांची चिठ्ठी आणि डोक्यावर छत्री, कारण अमरावतीचं ऊन मार्चपासूनच कोणाची भीडभाड ठेवत नाही. किसनराव पट्ट्या काढून द्यायचे आणि मी त्या उलटसुलट करून बघायची. तारीख, नाव, एखादं घर आधीच फुटलंय का, सगळं. ते हसायचे. "मॅडम, पेपर तपासून राहिल्या का?"

"सवय आहे," मी म्हणायची.

सवयच आहे. बावीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवते, आणि परीक्षेच्या हॉलवर माझी ड्यूटी लागली की पोरं कपाळाला हात लावतात. कोणाच्या बाहीत चिठ्ठी आहे ते मला त्याच्या बसण्यावरून कळतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल की बाई दमली असेल, भास झाला असेल. दमले होते, खोटं कशाला बोलू. पण माझ्या डोळ्यांसमोर कॉपी करून आजवर कोणी पास झालेलं नाही.

गोळ्या माझ्या नवऱ्याच्या. उद्धव वकील आहे. दिवाळीनंतर तो अचलपूरच्या कोर्टात तारखेला गेला होता, त्याचा कारकून नितेश याच्या मोटरसायकलवर मागे बसून. नितेश तिकडचाच, परतवाड्याच्या अलीकडच्या एका खेड्यातल्या शेतकऱ्याचा एकुलता एक मुलगा. सहा वर्षं उद्धवच्या हाताखाली होता. मला वहिनी म्हणायचा. आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहायचा, 'आत ये' म्हटल्याशिवाय पाऊल टाकत नसे.

परत येताना रस्त्यात संत्र्यांची ट्रॉली उभी होती, मागे दिवा नव्हता. मोटरसायकल तिच्यात घुसली. उद्धव जागेवरच बेशुद्ध पडला. त्याला आधी अमरावतीला, तिथून अकोल्याला नेलं. अकोला माझं माहेर, तिथले मेंदूचे डॉक्टर ओळखीचे. कवटी उघडून रक्त काढावं लागलं. नितेश मात्र उठून उभा राहिला. त्यानेच उद्धवला गाडीत चढवलं, त्यानेच मला फोन केला. "वहिनी, घाबरू नका, मी आहे," म्हणाला. मग जवळच होतं म्हणून स्वतःच्या घरी गेला. रात्री त्याचं डोकं दुखायला लागलं. त्याची आई मनकर्णा रात्रभर त्याच्या डोक्याला तीळतेल चोळत बसली. घरात साधी दुखण्याची गोळीसुद्धा नव्हती. उजाडलं की दवाखान्यात नेऊ, असं ठरलं. उजाडायच्या आत तो गेला. डोक्यात आतल्या आत रक्त साचत होतं, हे सगळ्यांना नंतर कळलं.

उद्धव वाचला. मेंदूला मार लागलेला माणूस ज्यांनी घरात सांभाळलाय त्यांना मी काय सांगते ते समजेल. डोकं फुटेल असं दुखायचं. फिट यायची. ज्या माणसाने वीस वर्षांत माझ्यावर आवाज चढवला नव्हता तो भाजीत मीठ कमी म्हणून ताट भिरकावायचा आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडायचा. डॉक्टरांनी चार प्रकारच्या गोळ्या दिल्या. एक फिटची, तीच मनही थाऱ्यावर ठेवते म्हणाले. एक दुखण्याची, एक उदासीची, एक झोपेची. त्यातल्या पहिल्या दोन दुपारी दोनला, जेवताना. मला बाजूला घेऊन हळू आवाजात सांगितलं, "वहिनी, एकही चुकवायची नाही आणि एकही जास्त जाऊ द्यायची नाही. दोन्हीकडून जीवाला धोका आहे. आणि असे पेशंट कधी कधी गोळ्या साठवतात. का, ते तुम्हाला कळलं असेल."

कळलं होतं. तेव्हापासून गोळ्यांचं कपाट बंद आणि किल्ली माझ्या गळ्यात.

एप्रिलपर्यंत तो बराच बरा झाला. फिट थांबल्या. दोन महिन्यांत एकदाही ताट उडालं नाही. एके दिवशी तो स्वतःहून म्हणाला, "रमा, आज डोकं नावाचा अवयव आहे हेच विसरलो." त्या दिवशी मी देवापुढे साखर ठेवली. मी तशी देवाधर्मातली नव्हे.

आणि मग मनकर्णामावशींचा फोन आला.

"बाई, आखाजीले वकीलसाहेबाले घेऊन येजा. नितेशचं पह्यलं पान हाये."

आमच्या घरी पितरांचं काही असलं की भटजी येतात, मंत्र होतात, कावळ्याची वाट बघतात. तिकडे आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माणूस बसवतात. गेलेल्याच्या नावाने एक जिवंत माणूस पाटावर बसतो, त्याला पितर म्हणतात. तो जे जेवतो ते गेलेल्याला पोचतं. मावशींच्या घरात रीत अशी, की गेलेल्याने शेवटचा घास ज्याच्यासोबत खाल्ला त्याने बसायचं. नितेश त्या रात्री घरी जेवलाच नव्हता. त्याचं शेवटचं जेवण अचलपूरच्या कोर्टाच्या आवारात, उद्धवच्या डब्यातली मी केलेली पोळी-भाजी.

नाही कसं म्हणणार? माझा नवरा परत आला होता, तिचा मुलगा आला नव्हता. गेलो.

घर साधं, टिनाचं, पण आत गार. मधल्या खोलीत पाट मांडलेला, भोवती रांगोळी, बाजूला पाण्याने भरलेली नवी लाल घागर. पुरणपोळी, आमरस, कुरड्या, वडे. उद्धव पाटावर बसला. नितेशचे वडील सूर्यभान भिंतीला टेकून बसले होते. मावशी समोर बसून त्याच्या तोंडाकडे बघत होत्या. उद्धवने चार घास खाल्ले असतील तेवढ्यात माझ्या मोबाईलचा गजर वाजला. दोन वाजले होते.

नियम म्हणजे नियम. मी पर्समधून दोन्ही गोळ्या काढून त्याच्या हातावर ठेवल्या.

"बाई..." सूर्यभान म्हणाले, "पाटावर..." आणि थांबले. मला वाटलं, जेवताना औषध घेणं त्यांना अशुभ वाटत असेल. मी म्हटलं, "काका, वेळेची आहे हो." मावशींनी घागरीतलं पाणी पेल्यात घेतलं आणि उद्धवला दिलं. त्याने गोळ्या तोंडात टाकल्या, पाणी प्यायला. मावशी त्याच्या गळ्याकडे टक लावून होत्या.

"गियली?" त्यांनी विचारलं.

"हो," उद्धव म्हणाला.

मावशींनी पदर तोंडाला लावला. "गोयी भेटली त्याले," म्हणाल्या. "भेटली एकदाची." आणि इतक्या समाधानाने रडल्या की मलाही रडू आलं. निघताना सूर्यभान त्यांना म्हणत होते, "पाट उचल आता, दिस कलायच्या आत." मावशी म्हणाल्या, "उचलतो नं."

त्याच आठवड्यात उद्धवचं डोकं पुन्हा दुखायला लागलं. मी म्हटलं, प्रवास झाला, ऊन लागलं. आठव्या दिवशी बाथरूममधून धपकन आवाज आला. दार आतून बंद. शेजाऱ्यांना बोलावून कडी तोडली तेव्हा तो फरशीवर आखडून पडला होता आणि तोंडातून फेस येत होता. तीन महिन्यांत आलेली पहिली फिट.

अकोल्याला नेलं. डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं. फिटच्या गोळीचं रक्तातलं प्रमाण मोजता येतं. संध्याकाळी रिपोर्ट आला तेव्हा त्यांनी तो माझ्यापुढे सरकवला.

"कधीपासून बंद आहेत गोळ्या?"

"बंद? मी माझ्या हाताने देते."

"वहिनी, रक्तात औषध नाही. कमी आहे असंही नाही. नाहीच आहे."

मी उद्धवकडे बघितलं. तो टाके घातलेल्या जागेवर हात ठेवून बसला होता. त्या क्षणी मला राग आला, फार राग आला. मी रात्र रात्र जागते, आणि हा गोळ्या थुंकतो? आणि थुंकत नसेल तर साठवतो. हा दुसरा विचार आला तेव्हा मी गळ्यातली किल्ली चाचपली.

घरी आल्यावर मी परीक्षेच्या हॉलमधली रमा झाले. गोळी दिली की, "आ कर. जीभ वर कर. गालात बघू."

"रमा, मी काय सातवीतला पोरगा आहे?"

"सातवीतली पोरंही हेच म्हणतात."

तो शाळेत गेल्यासारखा मुकाट्याने आ करायचा. तोंडात काही नसायचं. मी गाद्या उसवल्या. कोर्टाच्या काळ्या कोटाचं अस्तर उघडून बघितलं. पक्षकारांच्या फायली झटकल्या, न्हाणीची जाळी काढून बघितली. एक गोळी सापडली नाही. किसनरावांवर संशय घेतला, आणि इतक्या वर्षांच्या ओळखीच्या माणसाच्या दुकानाऐवजी राजापेठेतल्या दुकानातून गोळ्या आणल्या. तीच गत. मधल्या काळात आणखी दोन फिट आल्या.

एक गोष्ट मात्र सापडली. त्याच्या उशीच्या अभ्र्यावर तेलाचा डाग. उद्धवच्या डोक्याला तेल चालत नाही, ऑपरेशन झाल्यापासून आम्ही बोटभरसुद्धा लावलेलं नाही. डाग धुतला. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा होता. वास घेतला, तर तीळतेल.

त्यानंतर मी गोळी देताना त्याच्या तोंडाकडे बघणं सोडलं आणि नुसतं ऐकायला लागले. मे महिन्यातली दुपारची दोनची वेळ म्हणजे गल्लीत कुत्रं नसतं. कूलर मुद्दाम बंद केला. घरात इतकं शांत की भिंतीवरच्या घड्याळाचा काटा ऐकू येतो. उद्धवने गोळ्या जिभेवर ठेवल्या, पाणी घेतलं. गटक असा गिळल्याचा आवाज झाला. मग तो पेला खाली ठेवायला लागला, तोंड मिटलेलं, गळा स्थिर. आणि गिळल्याचा आवाज पुन्हा झाला. अगदी जवळून, त्याच्या खांद्यामागून, तहानलेलं माणूस गिळतं तसा.

मी जागची हलले नाही. उद्धवने माझ्याकडे बघितलं.

"ऐकलंस ना..." तो म्हणाला. "मला वाटलं मलाच ऐकू येते. डोक्याला मार आहे, म्हणून सांगितलं नाही."

"काय होतं रे नेमकं?"

"गोळी जिभेवर असते. पाणी घेतलं की... पाणी जाते. गोळी जात नाही. कोणीतरी मधूनच घेते, रमा. हिसकावत नाही. हळूच घेते. नंतर वाईटही वाटते त्याला, असं वाटते मला."

हे मी डॉक्टरांना सांगितलं असतं तर त्यांनी उद्धवची उदासीची गोळी वाढवली असती आणि मलाही एक सुरू केली असती. मी एवढंच म्हटलं, "भरती करून घ्या. तुमच्या लोकांनी द्या गोळ्या." तीन दिवस तो अकोल्यात भरती होता. सिस्टर गोळी कुटून पाण्यात घालून स्वतः पाजायच्या. रक्तात औषध नाही. मग तेच औषध सलाईनमधून दिलं. रक्तात औषध आलं, डोकं दुखायचं थांबलं, उद्धव बारा तास झोपला. पुन्हा तोंडाने दिलं, पुन्हा शून्य.

डॉक्टर हुशार माणूस. त्यांनी पोटाच्या सगळ्या तपासण्या केल्या. काही निघालं नाही. शेवटी म्हणाले, "डोस दुप्पट करून बघू. तिप्पटही करू."

"आणि एखाद्या दिवशी सगळं पोचलं तर?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "पोचलं म्हणजे?"

"म्हणजे अंगी लागलं तर. एवढा डोस."

"तर श्वास बंद पडू शकतो," ते म्हणाले. "आणि नाही दिला तर एखादी फिट थांबणार नाही. सलाईनवर जन्म काढता येत नाही, वहिनी. तुम्ही विचार करून सांगा."

विचार मी परतीच्या गाडीत बडनेऱ्यापर्यंत केला. सलाईनमधून जातं ते त्याचं. तोंडातून जातं ते कोणा दुसऱ्याचं. पोचतं हा शब्द माझ्या तोंडात कुठून आला, हे तेव्हा लक्षात आलं. आखाजीला मी स्वतः, माझ्या हाताने, पाटावर बसलेल्या माणसाला गोळी दिली होती.

दुसऱ्या दिवशी गाडी करून आम्ही दोघं त्या खेड्यात गेलो. मृग लागून आठवडा झाला होता तरी आभाळ कोरडंच होतं. ओसरीवर सूर्यभान एकटे बसले होते. मला बघून त्यांनी मान खाली घातली. मी न विचारता मधल्या खोलीत गेले.

पाट तिथेच होता. भोवतीची रांगोळी ताजी होती, त्याच दिवशीची. घागर भरलेली. पाटासमोर पेलाभर पाणी, आणि खोलीत तीळतेलाचा कोमट वास.

"मावशी, पाट का नाही उचलला?"

मनकर्णामावशी चुलीपाशी बसल्या होत्या. त्यांनी लपवाछपवी केली नाही. "काहून उचलू, बाई? इतके दिस सपनात येऊन रडे. डोकं धरून रडे. म्हणे, माय, लय दुखते. आखाजीपासून झोपते तो. दोन वाजता येते, पाटावर बसते, अन् झोपून जाते. मी डोक्याले तेल लावतो."

"त्याला पोचतं ते यांच्या तोंडचं आहे हो! हे मरतील!"

"तुमच्या नवऱ्याचं दुखलं तं तुमी गोयी देता. डाक्टर देते, सिस्टर देते." त्यांचा आवाज चढला नाही, तेच जास्त वाईट होतं. "माह्या पोराले त्या राती कोन दिली? घरात एक गोयी नव्हती. मी तेल चोळत बसली, येड्यावानी. आता त्याले भेटून राहिली, तं मी पाट उचलू?"

मी त्यांच्यापुढे जमिनीवर बसले. मला भांडता येतं, चांगलं येतं. पण त्या बाईशी काय भांडणार? मी त्यांचे पाय धरले. "मावशी, नितेश गेला. काही केलं तरी तो आता मरायचा नाही. माझा माणूस अजून जायचाय. मला त्याला वाचवू द्या."

त्या काडीने चुलीतली राख उकरायला लागल्या. मग ओसरीवरून सूर्यभान म्हणाले, "मनकर्णा, दुसऱ्याचं कुंकू हाये ते. उठव त्याले." तेव्हा त्या उठल्या.

उद्धवला पाटावर बसवलं. दहीभाताचा एक घास दिला, घागरीचं पाणी दिलं. सूर्यभान म्हणाले, "नाव घे, अन् जा म्हण. नाव घ्या लागते."

मावशींनी तोंड उघडलं. ओठ हलले. "नाई घेववत," त्या म्हणाल्या. "माह्यानं त्याचं नाव घेऊन त्याले जा नाई म्हणवत..." आणि एकदम डोळे मिटून, कोणाकडेही न बघता म्हणाल्या, "ऊठ बाबा. आता जा."

भर दुपारी दारातून गार वारा गेला. आत आला नाही, बाहेर गेला. रांगोळी जागच्या जागी विस्कटली. उद्धव दोन्ही हातांनी डोकं धरून वाकला, त्याच्या तोंडून माझं नाव निघालं, अर्धंच. मग तो सरळ झाला. हात खाली घेतले. मावशींनी पाट ओढून भिंतीला उभा केला.

"दुखतं का?" मी विचारलं.

त्याने मान हलवली. नाही. त्याचा चेहरा इतका निवांत मी लग्नाच्या फोटोतही बघितला नव्हता.

पुढचा रिपोर्ट बघून डॉक्टरांनी मला चहा पाजला. रक्तात औषध हवं तेवढं. फिट नाही, दुखणं नाही. महिन्याभरात झोपेची गोळी बंद झाली, मग दुखण्याची, मग उदासीची. फिटची कमी करत आणली. "पेशंट असा सुधारलेला मी बघितला नाही," डॉक्टर म्हणाले.

मी सुखात असायला हवं होतं. शेजारणी येऊन म्हणायच्या, रमाताई, नशीब काढलंत. उद्धव आता चिडत नाही. रात्री बाहेरच्या खोलीत झोपतो, मला त्रास नको म्हणून. कोर्टात जातो, पण उभं राहून बोलत नाही. दुसऱ्या वकिलांना फायली काढून देतो. कोणता कागद कोणत्या गठ्ठ्यात आहे ते त्याला न बघता सांगता येतं, जे आधी कधीच येत नव्हतं. मला तो नावाने हाक मारत नाही. काही लागलं तर स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभा राहतो, आणि मी 'ये' म्हटल्याशिवाय आत येत नाही.

मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "मेंदूला मार लागला की स्वभाव बदलतो, वहिनी. बऱ्याच बायका सांगतात, हा माझा नवरा वाटतच नाही म्हणून. सवय होते." त्यांनी मला त्याची छापील माहितीही दिली. ती मी दोनदा वाचली आणि तिच्यावर विश्वास ठेवायचं ठरवलं. ठरवावं लागतं.

पोळा झाल्यावर आठ दिवसांनी मावशींचा फोन आला. दुपारची वेळ. मी शाळेतून नुकतीच आले होते, उद्धव पुढच्या खोलीत पेपर वाचत होता.

"बाई," मावशी अगदी हळू बोलत होत्या, "तो येऊन राहिला. दोन वाजता. उन्हात उभा राहते, दारात. डोकं धरून. गोयी मांगते."

"नितेश?" मी विचारलं.

"नाई वो. माहा नितेश नाई तो." त्या थांबल्या. "थो उंच हाये. चष्मा हाये त्याले. चष्म्याच्या काडीले कायाभोर दोरा बांधला हाये... अन् तुमचं नाव घेते, बाई. एकच नाव घेते."

तो दोरा मी बांधला होता. त्या तारखेच्या दिवशी सकाळी, घाईत, काडीचा स्क्रू पडला म्हणून. त्याच संध्याकाळी तो चष्मा रस्त्यावर चुरा झाला. मावशींनी तो बघितलेला असणं शक्य नव्हतं.

मी दारातून पुढच्या खोलीत बघितलं. तिथे बसलेल्या माणसाने पेपरचं पान उलटलं. मान वर केली नाही.

"बाई... आइकून राहिल्या का?" मावशी विचारत होत्या. "काय करू मी त्याचं?"

नाव न घेता 'जा' म्हटलं होतं, आणि तेव्हा पाटावर दोघं बसले होते. ज्याला वाचवायला मी त्या बाईचे पाय धरले होते, त्याला मीच त्या दारातून बाहेर काढून आले होते.

"उन्हात नका ठेवू त्याला," मी म्हटलं. "आत घ्या, मावशी. पाट मांडा."

आता दर सोमवारी सकाळी मी परतवाड्याच्या बसच्या कंडक्टरजवळ एक स्टीलचा डबा देते. फाट्यावर सूर्यभान तो उतरवून घेतात. आत पाटावर ठेवायला आठवड्याच्या गोळ्या असतात, जुन्या चिठ्ठीतल्या चारही प्रकारच्या. कुठून मिळवते ते विचारू नका. गुरुवारी डबा रिकामा परत येतो, घासून, आतून तेलाचं बोट लागलेला. घरातला माणूस तो माझ्या हातून घेतो, पुसतो, फडताळात नीट ठेवतो. त्यात काय होतं, ते त्याने मला अजून एकदाही विचारलेलं नाही.